आधी जोड वाकवून दाखवा!

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनाचा मुहूर्त साधून, शिवछत्रपतींच्या पस्तीस फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. मधे एकच पावसाळा आला, तोही पुरता सरला नव्हता. मग महाराष्ट्रात अशा वेळी जे जे होते ते सारे यथासांग पार पडले. मोर्चे निघाले, जोडे मारले गेले, माफ्या मागितल्या गेल्या, त्या दिवशी वाऱ्याचा वेग किती होता यावर वाद झडले. पुढच्याच महिन्यात चौकशी समितीच्या अहवालाची बातमी छापून आली. गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग, अशी कारणे त्या बातमीत होती. पहिल्या दोन कारणांवर थोडीबहुत चर्चा झाली. तिसऱ्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. त्या सांगाड्याचे जोड कोणी मारले, त्या माणसाची परीक्षा कोणी आणि कधी घेतली होती, त्याच्या नावावर तपासून पास झालेला एक तरी जोड होता काय, हा प्रश्न त्या साऱ्या गदारोळात आमच्या तरी कानावर आला नाही. शिल्पकाराचे नाव घराघरांत पोहोचले. वेल्डरला नावच नव्हते.

ही निनावी अवस्था सरकारने पोसली आहे, ठेकेदारांनी तिच्यावर बंगले बांधले आहेत, आणि आपण पांढरपेशे तिच्याकडे पाठ फिरवून बसलो आहोत. आजची आमची फिर्याद या तिघांवर आहे.

वेल्डिंगचा जोड सर्रास खोटे बोलतो. वरून मासळीच्या खवल्यांसारखी देखणी ओळ दिसते, आणि आत स्लॅग अडकलेला असतो, हवेची भोके असतात, दोन प्लेटींच्या मुळाशी धातू वितळून एकजीव झालेलाच नसतो. ‘सत्तर-अठरा’ जातीचा वेल्डिंगचा रॉड ओव्हनमध्ये भाजून, गरम डब्यातून काढून वापरायचा असतो. पावसाळी हवेत उघडा पडलेला तोच रॉड ओल शोषतो, त्या ओलीतला हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि काम आटोपून वेल्डर घरी गेल्यावर, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जोडाला आतून भेग पडते. वर रंगाचा हात फिरला की सगळेच जोड सारखे दिसतात. म्हणून शहाण्या जगाने या धंद्यात माणसाच्या शब्दावर, वयावर किंवा चौकटीतल्या कागदावर भिस्त ठेवणे केव्हाच सोडून दिले. तिथे वेल्डरकडून एक प्लेट किंवा पाईप जोडून घेतात, त्या जोडातून पट्ट्या कापतात आणि त्या साच्यात घालून इंग्रजी ‘यू’सारख्या वाकवतात. वाकलेल्या बाजूवर तीन मिलिमीटरपेक्षा मोठी चीर उघडली की वेल्डर नापास. तिथे वशिला चालत नाही, तोंडी परीक्षेत सांभाळून घेणे चालत नाही. सर्वांत कठीण परीक्षा सिक्स जी. पाईप पंचेचाळीस अंशांत तिरका, जागचा न हलणारा. माणसाने त्याच्याभोवती फिरत, कधी उभ्याने, कधी डोक्यावरून, कधी पाठ मोडून, एका दमाचा रूट रन, म्हणजे मुळाचा पहिला थर, मारायचा. ज्याचा सिक्स जीचा एक्स-रे स्वच्छ निघतो त्याला रिफायनरीपासून वीज केंद्रापर्यंत मान असतो.

आणि ही परीक्षा जन्मभर पुरत नाही. बॉयलर आणि दाबपात्रांसाठी जगभर प्रमाण मानली जाणारी एएसएमईची संहिता सांगते की सहा महिने त्या पद्धतीचे वेल्डिंग हातून झाले नाही तर पात्रता संपली, पुन्हा परीक्षा द्या. युरोपात चालणाऱ्या आयएसओ ९६०६ या मानकातही दर सहा महिन्यांनी जबाबदार माणसाची सही लागते. आपल्याकडे एकदा मिळालेले प्रमाणपत्र भिंतीवर लटकते, मालक म्हातारा होतो, हात थरथरू लागतो, कागद मात्र चिरतरुण!

एका क्षुल्लक जोडाने काय होते ते उत्तर समुद्राला विचारा. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी नॉर्वेच्या हद्दीतला ‘अलेक्झांडर कीलंड’ हा तरंगता तळ उलटला. वर २१२ माणसे होती, त्यांतली १२३ बुडाली. चौकशीत उगम सापडला तो एका नळकांडी आडव्याला जोडलेल्या लहानशा आधारापाशी. त्या आधारावर पाण्याखालचा ध्वनिग्राहक बसवायचा होता. तळाचा भार पेलण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. जोड अवघा सहा मिलिमीटरचा, बिनमहत्त्वाचा म्हणून कसातरी उरकलेला. त्याच्या भेगेत जुना रंग सापडला, म्हणजे तळ समुद्रात जाण्यापूर्वीच, कारखान्यातच, भेग पडली होती आणि तिच्यावर रंग मारला गेला होता. तिथून थकव्याची चीर पसरत गेली, तो आडवा तुटला, मग एकामागून एक बाकीचे, आणि शेवटी अख्खा पाय निखळला. आपल्याकडची किती कामे ‘हा कुठे भार घेणारा जोड आहे?’ असे म्हणत हेल्परच्या हाती होल्डर देऊन उरकली जातात, हे कोणत्याही साइटवर जाऊन पाहा.

आता आमच्या राज्याच्या कारभाराकडे वळू. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून देशात चालू आहे. वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा, प्रवेशाला आठवी पास पुरते. २०२२ च्या आराखड्यात वर्गकामाचे बाराशे तास धरले आहेत. त्यांतले ८४० तास हाताने करायच्या कामाचे, २४० तास शास्त्राचे, आणि १२० तास ‘रोजगारक्षम कौशल्ये’ या गोंडस नावाच्या विषयाचे. कागदावर सगळे आहे: आर्क, गॅस, टिग, सीओटू, उभा जोड, डोक्यावरचा जोड, पाईप, अगदी जोड मोडून-वाकवून पाहण्याच्या चाचण्यासुद्धा. पण मुलगा पास कसा होतो? प्रात्यक्षिकात साठ टक्के मिळवून! आम्ही विचारतो, साठ टक्के जोड म्हणजे काय? ज्या शिडीच्या पायरीचा जोड साठ टक्के धरला आहे तिच्यावर संचालकसाहेब स्वतः पाय ठेवतील काय? इतिहासात साठ टक्के मिळवणारा मुलगा उरलेले चाळीस टक्के पुढे कधीतरी वाचू शकतो. वेल्डरचा जोड एकतर धरतो, नाहीतर माणसे मारतो. बहुपर्यायी प्रश्नांवर संगणकाच्या पडद्यापुढे बसून टिचक्या मारायच्या आणि कार्यशाळेतल्या जॉबला गुण देऊन मोकळे व्हायचे, या पद्धतीने कारकून निवडता येतील.

त्यातून त्या ८४० तासांत होल्डर प्रत्यक्ष हातात किती वेळ असतो? वेल्डिंग जाळून शिकायची विद्या आहे. रॉड जळतो, प्लेट संपते, वीज लागते, आर्गनचा सिलिंडर रिकामा होतो, आणि हे सारे जाळल्याशिवाय मनगटाला चाल येत नाही. या जळणाऱ्या मालालाच सरकारी भाषेत ‘कच्च्या मालावरील खर्च’ म्हणतात आणि काटकसरीची कुऱ्हाड चालवायची झाली की ती पहिल्यांदा तिथेच पडते. इमारतीला रंग मिळतो, फलकाला रोषणाई मिळते, राज्याच्या कौशल्य विद्यापीठाला २०२४ मध्ये रतन टाटांचे नावही मिळाले. नाव थोर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण गंजलेल्या त्याच त्या पट्ट्यांवर आळीपाळीने टाके मारणाऱ्या पोराला त्या नावाचा काय उपयोग? शिकवणारा निदेशक कित्येक ठिकाणी तासिका तत्त्वावर. ज्याला स्वतःच्या पुढच्या वर्षाची खात्री नाही त्याने दुसऱ्याच्या मनगटात खात्री उतरवावी, ही अपेक्षाच निर्लज्जपणाची आहे. तरीही या मोडक्या व्यवस्थेत जीव ओतून शिकवणारे निदेशक आहेत, पदरच्या पैशांनी रॉडचे पाकीट आणणारे आहेत. ते आहेत म्हणून ही व्यवस्था अजून उभी आहे, सरकारी खात्याच्या कर्तबगारीने नव्हे.

चाकण असो, वाळूज असो, शिरोली असो, कारखान्याच्या फाटकावर या मुलाच्या प्रमाणपत्राचे काय होते ते त्यालाच विचारा. कागद बाजूला ठेवतात आणि प्लेट पुढे करतात. यात कारखानदाराचा दोष नाही. संहिता त्यालाच जबाबदार धरते, परीक्षा त्याने घेतलीच पाहिजे. लाज आहे ती सरकारची. सरकारने पास केलेल्या मुलाचा जोड आयुष्यात पहिल्यांदा वाकवून पाहिला जातो तो कोणा परक्या फाटकावर, आणि तिथे पट्टी उघडली की त्याच्या हाती होल्डरऐवजी ग्राइंडर येतो. पुढची कित्येक वर्षे तो दुसऱ्याचे जोड घासत बसतो.

सरकारला हे कळत नाही असे समजू नका. जिथे सरकारला भीती वाटते तिथे ते बरोबर परीक्षा घेते. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसे मेली, १८६४ मध्ये बंगालात कायदा झाला. मग १९२३ चा देशभराचा बॉयलर कायदा आला, १९५० ची नियमावली आली, आणि २०२५ मध्ये जुना कायदा जाऊन नवा आला. या साऱ्या काळात एक तत्त्व टिकले: बॉयलरच्या दाबाखालच्या भागाला ऐऱ्यागैऱ्याने होल्डर लावायचा नाही. त्यासाठी परीक्षा झालेला, प्रमाणपत्र असलेला वेल्डरच लागतो, आणि आमच्या राज्याचे बाष्पके संचालनालय हे काम करते. म्हणजे कायदा आहे, परीक्षक आहेत, पद्धत बसलेली आहे. मग जिल्हा परिषदेच्या शाळेचे पत्र्याचे छत? एसटी स्थानकाची शेड? चौकातला महाकाय होर्डिंगचा सांगाडा? रुग्णालयाच्या बाहेरचा आगीच्या वेळचा जिना? ओढ्यावरचा लोखंडी साकव? या ठिकाणी वेल्डर कोण, हे ठेकेदाराच्या मुकादमालाही धड ठाऊक नसते. भारतीय मानक ब्यूरोने वेल्डरच्या प्रशिक्षणासाठी आयएस ८१७ आणि त्याच्या परीक्षेसाठी आयएस ७३१० केव्हाच लिहून ठेवले आहे. निविदेत ती ओळ घातली तरी कामाच्या ठिकाणी कोणी विचारत नाही, आणि अनेकदा तर ती ओळच नसते. वाफेने माणूस मेला तर गुन्हा, छत पडून मेला तर दैव, असा हा न्याय आहे काय?

उमेदवारीचे नाटक वेगळेच. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा सांगतो की तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेतलेच पाहिजेत. हेतू उत्तम. व्यवहारात अनेक ठिकाणी हा उमेदवार म्हणजे स्वस्तात मिळालेला कामगार. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्या उमेदवाराला दरमहा किमान सात हजार रुपये ठरवले, पदवीधराला नऊ हजार. राज्याने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली तेव्हाही तीच उतरंड कायम: आयटीआयवाल्याला आठ हजार, पदवीधराला दहा हजार. खुर्चीत बसून फाईल उलटणाऱ्या उमेदवाराला दोन हजार जास्त आणि आगीपुढे उकिडवे बसणाऱ्याला कमी, हा हिशेब कोणत्या अर्थशास्त्राने केला? हे अर्थशास्त्र नाही, हा जुनाच वर्णाश्रम आहे. फक्त आता तो शासन निर्णयाच्या भाषेत लिहिला जातो.

होय, आम्ही मुद्दाम तो शब्द वापरतो. हात काळे करणारा खालचा आणि शाई लावणारा वरचा, ही समजूत या मातीत खोल रुजली आहे. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जाऊन सांगितले होते की कष्टकऱ्यांच्या घामातून जमलेला महसूल वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो आणि कष्टकऱ्याच्या पदरी काही पडत नाही. हे सांगणारा माणूस स्वतः बांधकामाचा ठेकेदार होता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. आज बापाला विचारा, मुलगा काय करतो? ‘आयटीआय करतोय’ हे उत्तर तो मान खाली घालून देतो. बिनकामाच्या पदवीला बसलेल्या मुलाबद्दल मात्र छाती पुढे काढून बोलतो. लग्नाच्या बाजारात सिक्स जी वेल्डरची कमाई विचारण्याआधीच त्याचे स्थळ बाद होते. आणि मुलगी वेल्डर होते म्हटली तर? आयटीआयमध्ये मुलींसाठी जागा राखीव आहेत. पण कार्यशाळेच्या आवारात धड स्वच्छतागृह आहे काय, तिच्या मापाचे हातमोजे आणि ॲप्रन आहेत काय, हे पाहण्याची तसदी किती प्राचार्यांनी घेतली? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या गोद्यांमध्ये बायकांनी हजारोंच्या संख्येने होल्डर हाती घेतला. तिथे त्यांचे मनगट चालले. इथे कळव्यापासून कळमेश्वरपर्यंत ते का चालणार नाही?

भूमिपुत्राच्या नावाने गळा काढणाऱ्यांनाही दोन शब्द. परप्रांतातून आलेला वेल्डर इथल्या मुलाच्या ताटातले हिसकावतो, ही ओरड आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो. तो पोरगा गावाकडच्या कुणा उस्तादाकडे चौदा-पंधराव्या वर्षापासून रॉड उचलत, शिव्या खात शिकलेला असतो. त्याचे शोषणच झाले, पण त्याच्या हाताला चाल आली. तुम्ही मराठी मुलाला काय दिलेत? झेंडा. त्याऐवजी प्रत्येक तालुक्यात रॉड भाजायचे एक ओव्हन आणि पट्टी वाकवायचा एक साचा दिला असतात, तर कारखान्याच्या फाटकावर घोषणा देण्याची पाळी आली नसती.

परदेशाची वाट तरी मोकळी आहे काय? १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार दहावी नसलेल्याच्या पारपत्रावर ‘ईसीआर’चा शेरा बसतो आणि आखातातल्या व इतर काही देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारची परवानगी काढावी लागते. मान्यताप्राप्त संस्थेची दोन वर्षांची पदविका असेल तर सूट. वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा! म्हणजे आठवीवर प्रवेश देणारे सरकार, आणि त्याच शिक्षणाला विमानतळावर अपुरे ठरवणारेही सरकारच. अशिक्षितांना नाडणाऱ्या दलालांपासून वाचवणे हा कायद्याचा हेतू होता, तो चांगलाच आहे. पण जोड पाहून माणूस ओळखण्याची सोय सरकारकडे नाही, म्हणून मुंबईतल्या खासगी ट्रेड टेस्ट केंद्रांवर हीच मुले रांगा लावतात, आणि दलालाचे दुकान त्या रांगेवरच चालते. २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार करून सरकारने छायाचित्रे काढून घेतली. जर्मन फोरमन छायाचित्र पाहणार नाही, पट्टी वाकवणार आहे.

शरीराचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधून निघणारे अतिनील किरण या दोहोंना कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१७ मध्ये निश्चित कर्ककारक ठरवले. तंबाखू ज्या गटात आहे त्याच गटात. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियमचे विषारी रूप असते, गॅल्व्हनाइज्ड पाईप जाळला की जस्ताच्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो. आमचा रस्त्यावरचा ग्रीलवाला साधा गॉगल लावून, कधी नुसताच चेहरा वळवून टाका मारतो. मध्यरात्री डोळ्यांत वाळू घातल्यागत आग सुरू होते, मग बटाट्याच्या चकत्या ठेवून पहाट काढायची. मोतीबिंदू लवकर येतो, दम लागतो, आणि कामगार विम्याचे कार्ड नसल्याने औषधाचा खर्च बायकोच्या डोरल्यातून निघतो. शेड अकराची काच, मुखवटा आणि धूर खेचणारा पंखा ही चैन समजणारा मालक जोडाच्या दर्जाची तरी काय फिकीर करणार?

कोणी म्हणेल, परीक्षा कडक केली तर निम्मी मुले नापास होतील. होऊ द्या! नापास झालेल्या मुलाला आणखी तीन महिने, आणखी शंभर किलो रॉड आणि पुन्हा परीक्षा द्या. त्याच्या डोक्यावर खोटा शिक्का मारून त्याला फाटकावर अपमानित व्हायला पाठवण्यापेक्षा यात अधिक दया आहे. पैसा कुठून आणायचा, हेही विचारले जाईल. कौशल्य मेळाव्यांचे मांडव, स्वागताच्या कमानी आणि पुढाऱ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांचे होर्डिंग यांवर जो खर्च होतो तो एक वर्ष रॉडवर करून पाहा. त्या कमानींचे जोडही तपासून घेतलेत तर बरे.

कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता असे लांबलचक नाव मिरवणाऱ्या विभागाच्या मंत्र्यांनी आता ठरवून टाकावे. पुढच्या परीक्षेपासून वेल्डरच्या प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याची उभी आणि डोक्यावरची प्लेट बाहेरच्या निरीक्षकासमोर कापली जावी; पट्टीवर नाव नको, क्रमांक हवा, आणि निकाल फक्त दोन: धरले किंवा उघडले. प्रमाणपत्राला मुदत असावी, आणि दर सहा महिन्यांनी कामाची नोंद दाखवून ते जिवंत ठेवावे लागावे. सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषदा आणि महापालिका यांच्या निविदांत परीक्षा झालेल्या वेल्डरची अट घालावी आणि भार घेणाऱ्या प्रत्येक जोडावर त्याचा क्रमांक ठोकावा, म्हणजे छत पडले की मुकादमाला खांदे उडवता येणार नाहीत. वेल्डिंगची कार्यपद्धती इंग्रजीत लिहून मराठी मुलाच्या हाती देण्याचा आचरटपणा बंद व्हावा. आणि जे उस्ताद कोणत्याही शाळेत न जाता तीस वर्षे होल्डर धरत आले, त्यांच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात मोफत परीक्षा केंद्र काढावे. आठवीचा दाखला न मागता, बुडालेली मजुरी देऊन, त्यांचा जोड तपासावा. त्यांतले कित्येक जण आपल्या प्रमाणित पोरांना लाजवतील.

हे झाले की प्रत्येक आयटीआयच्या फाटकावर फलक लावा: या वर्षी किती पट्ट्या वाकवल्या, किती उघडल्या, दर मुलामागे किती किलो रॉड जाळले. आणि ज्या संस्थेच्या दहांतल्या सात पट्ट्या उघडतील, तिथल्या मुलांना जाब विचारण्याआधी प्राचार्यांपासून संचालकांपर्यंत प्रत्येकाकडून त्या रॉडच्या खरेदीचा हिशेब मागा.